पहिली बास बोट घेताना

पहिल्या बोटीसाठी कर्ज काढू नकोस. टेक्सासच्या तळ्यांवर बास मासे धरायला 16-17 फुटी जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट आणि 40-50 हॉर्सपॉवरचं इंजिन पुष्कळ झालं.

रंगाला भुलू नकोस, इंजिन बघ. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घे. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. तिथूनच परत फिर. हे न बघता मी पहिली बोट घेतली आणि सगळा उन्हाळा ती अंगणातच उभी राहिली. मग इंजिन अर्धं उचलून खालून धरून हलव. इंजिन जिथे बसवलंय ती बोटीची मागची फळी लवली तर आतलं लाकूड कुजलंय.

आणि हो, टेक्सासमध्ये बोटीचं आणि आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या) इंजिनाचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वेगवेगळं असतं. दोन्ही विकणाऱ्याच्याच नावावर दिसल्याशिवाय पैसे देऊ नकोस.