गार पाणी, धाप आणि हुडहुडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी इंग्लिश खाडीची तयारी करते आहे. टँकमध्ये सलग सहा तास पोहते. पण गार पाण्यात उतरली की पहिल्याच मिनिटात धाप लागते, तोंड पाण्यात घालवत नाही. दम कमी पडतोय का? (पालक, पुणे)

उत्तर : दमाचा इथे संबंध नाही. कातडी झपाट्यानं गार झाली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, मग तो भराभर चालू लागतो, नाडी आणि रक्तदाब चढतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हा जोर सर्वाधिक असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. नेमक्या त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. म्हणून गार पाण्यात सूर मारू नये. हळूहळू उतरावं, काठ धरून थांबावं आणि एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं की मगच चेहरा पाण्यात घालावा.

याची सवय लवकर लागते. १५ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तीन-तीन मिनिटं, वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा बसलं तरी धाप बरीच कमी होते आणि तो फायदा काही महिने टिकतो. घरी टबात १५० लिटर पाणी २५ अंशांवरून १५ वर आणायला साधारण १६ किलो बर्फ लागतो. तो पूर्ण विरघळू द्या, पाणी ढवळा, थर्मामीटरनं मोजा. सोबत एक मोठा माणूस हवाच. हृदयाची तक्रार किंवा घरात कुणाला अचानक हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला.

मात्र धाप गेली म्हणजे गारठा सोसला असं नव्हे. खाडीचं पाणी हंगामात साधारण १५ ते १८ अंश असतं, आणि पात्रतेसाठी १६ किंवा त्याहून कमी अंशांत सहा तास पोहावं लागतं. आपला समुद्र इतका गार कधीच होत नाही. त्यामुळे इंग्लंडमधल्या डोव्हरच्या बंदरात काही आठवडे आधी जाऊन वेळ वाढवत नेण्याला पर्याय नाही. (ग्रीस लावल्यानं ऊब राहते, हा समज सोडा. ते काखेत, मानेवर कातडी सोलू नये म्हणून असतं.)

प्रश्न : मुलगा १६ अंशांत दीड तास पोहून हसतमुखानं बाहेर आला. दहा मिनिटांनी हुडहुडी भरली, जीभ अडखळू लागली. गरम शॉवरखाली उभं केलं, तर भोवळ येऊन पडला. काय चुकलं? (वाचक, लंडन)

उत्तर : शॉवर चुकला, आणि हसरा चेहरा पाहून निर्धास्त होणंही. पाण्यात हातापायांच्या वरच्या थरांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथले स्नायू थंडगार होतात. बाहेर आल्यावरही आतली उष्णता या गार थरांकडे जात राहते. परिणामी शरीराच्या आतलं तापमान पुढची दहा ते तीस-चाळीस मिनिटं उतरतच राहतं. यालाच पोहणारे आफ्टरड्रॉप म्हणतात. त्यात गार पाण्यात लघवी जास्त होऊन शरीरातलं पाणी घटलेलं असतं आणि अंगावरचा पाण्याचा दाब नाहीसा झालेला असतो. अशा वेळी गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम उघडल्या की रक्तदाब कोसळतो.

बाहेर येताच वाऱ्याचा आडोसा गाठा. ओला पोशाख काढा, अंग टिपा, चोळू नका. आधी धडावर कोरडे कपडे चढवा, मग टोपी, मोजे. पायाखाली चटई घाला. बोटं बटणं लावण्याच्या स्थितीत नसतात, म्हणून सैल कपडे आधीच उलगडून ठेवा. बसवून कोमट गोड पेय घोटघोट द्या, तेही नीट गिळता येत असेल तरच. कुडकुडू द्या, ऊब त्यातूनच तयार होते. दारू नको, आणि तासभर तरी गाडी चालवायला देऊ नका.

अंग गारच असताना कुडकुडणं थांबलं, बोलणं असंबद्ध झालं, तर आडवं झोपवा आणि ९९९ला (ब्रिटनमधला आपत्कालीन क्रमांक) फोन करा. खोकल्यातून गुलाबीसर फेस आला तर फुप्फुसात पाणी साचलेलं असू शकतं; तेव्हाही थेट रुग्णालय.

खरं तर धोक्याची लक्षणं पाण्यातच दिसतात. मिनिटाला ६४ हात मारणारा ५४वर येतो, बोटं फाकतात, पाय बुडू लागतात. प्रत्येक फीडच्या, म्हणजे पाण्यातच खाणं-पिणं देण्याच्या, वेळी ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येणार नाही असा प्रश्न विचारा.

प्रश्न : आमच्या कबड्डीपटूंना वजनं उचलल्यावर रोज बर्फाच्या पाण्यात बसवावं का? (प्रशिक्षक, सांगली)

उत्तर : रोज नको. ऑस्ट्रेलियातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात, प्रत्येक व्यायामानंतर दहा मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, व्यायामानंतर हलकी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. ताकद कमावण्याच्या महिन्यांत टब बंद ठेवा. स्पर्धेत दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल तेव्हा १० ते १५ अंशांत दहा मिनिटं कंबरेपर्यंत बसवा. अंगदुखी कमी जाणवेल. उघडी जखम असलेल्याला मात्र सामायिक टबात उतरवू नका.