बर्फाचा वापसा

बाबू,

परतवाड्याच्या बाजारात तुझे बाबा भेटले. एप्रिलच्या शेवटी तू हिमाचलात ट्रेकला चाललास म्हणाले. फोनवर बोललो असतो, तर तू 'हो काका, हो काका' म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहितोय. फौजेत बरीच वर्षं मी बर्फातच काढली, आता पऱ्हाटी आणि तूर बघतो.

जानेवारीतल्या बर्फाला सगळेच भितात. एप्रिलातलं ऊन माणसाला गाफील करतं.

वापसा काय असतो ते तुला सांगायला नको. पाऊस उघडला की तुझे आजोबा धुऱ्यावरून वावरात एक पाय टाकून पाहायचे. चिखल चपलेला चिकटला की डवरे परत. बर्फालाही वापसा असतो, पण तो पहाटेचा. रात्री आभाळ मोकळं असलं की दिवसा वितळलेलं पाणी गोठतं आणि वरचा थर ओट्यासारखा टणक होतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, कणांची पकड सुटते आणि उतारच्या उतार खाली येतो. ढगाळ रात्री आपल्याकडे उकडतं ना? जमिनीची ऊब ढगांखाली अडकते. तिकडेही तेच. तशा रात्रीनंतर बर्फ नीट गोठलेलाच नसतो, मग पहाटे निघूनही उपयोग नाही. रात्री पाऊस झाला असेल तर विचारूच नको, तंबूतच बस.

तंबूतून निघालास की आधी टाच मारून पाहा. बूट वरच टिकला तर चल. घोट्यापर्यंत रुतायला लागला की परत फीर, गुडघ्याची वाट पाहू नको. वरून ढेकळांसारखे गोळे आपसूक घरंगळायला लागले, तरी तेच. ऊन आधी पूर्वेच्या उताराला लागतं, मग दक्षिणेच्या, पश्चिमेची पाळी दुपारी. चाल त्या हिशोबाने ठरव.

एकदा आम्ही एका घळीच्या अलीकडे चहाला थांबलो. पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग एकेक करून घळ ओलांडली. शेवटचा गडी पलीकडे पोचला आणि वरून माती-दगड घेऊन ओला बर्फ आला. सावकाश, नाल्याला पूर यावा तसा. माझ्या मगात चहाचा चोथा अजून ओला होता.

30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत घातकी. तू सपाटीवर असलास तरी डोक्यावर काय आहे ते बघ. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर वरून आलेल्या बर्फाखाली सात पर्यटक दगावले. पास तेराव्या मैलापर्यंतचे होते, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. अशा उताराखाली जेवायला तर सोडच, फोटोलाही थांबायचं नाही.

गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर आशा. ओला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो, स्वतःहून हातही हलत नाही. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनीच खणायचं. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेला कुठे आहे ते सांगणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं हवं. एकट्याकडे असून काय कामाचं?

ट्रेकवाल्यांना तीनच गोष्टी विचार. कॅम्पवरून किती वाजता निघायचं? चंडीगडच्या डीजीआरईचा, म्हणजे डीआरडीओच्या तिथल्या संशोधन संस्थेचा, हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघतं? परत फिरायचं कोण ठरवतं? 'निवांत नाश्ता करून नऊला' असं उत्तर आलं तर भरलेले पैसे गेले असं समज. बाबांची समजूत मी काढतो.

कंपासातला कोनमापक, दोरा आणि एक खडा घेऊन रविवारी ये. गाविलगडाच्या उतारावर तीस अंश डोळ्याला कसे दिसतात ते दाखवतो. पाचला निघू, ऊन तापायच्या आत घरी. भाकरी काकू बांधून देणार आहे.

तुझा काका