ताइनोंचे ऋतुविधी आणि वर्षभर जपलेला भाकरीचा तुकडा

ताइनो आध्यात्मिक समूहांत वर्षभरात कोणते विधी होतात, त्यांचे सामुदायिक जीवन कसे असते आणि हे सारे खरोखर प्राचीन आहे का, असे आपण विचारले आहे. तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्या दोन उत्तरांवर किती विसंबायचे हे त्यावरच ठरते.

ताइनो हे क्यूबा, हिस्पानिओला (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक), पोर्तो रिको आणि जमैका या बेटांवरचे मूळ रहिवासी. त्यांच्या श्रद्धांविषयी आपल्याला जे कळते, त्यातील बराच भाग रामोन पाने या ख्रिस्ती साधूने हिस्पानिओलावर राहून १४९८ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या वृत्तांतातून येतो. बाकीचे नंतरच्या युरोपीय लेखकांकडून आणि उत्खननांतून. या साधनांतून तिथीवार सणांचे पंचांग हाती लागत नाही. आज पोर्तो रिकोत आणि अमेरिकेतील शहरांत जे ताइनो समूह संपातदिन (दिवस-रात्र समान असणारे दिवस) आणि अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) पाळतात, त्यांचे विधी म्हणजे बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेली पुनर्रचना आहे. मी तिला बनावट म्हणणार नाही; परंतु अखंड चालत आलेली परंपराही म्हणणार नाही.

जुन्या विधींमधला ऋतू शोधायचा असेल तर तो शेतात शोधावा. ताइनोंचे मुख्य अन्न कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो तोच. त्यांचा प्रमुख देव युकाहू याच्या नावातच त्या कंदाचे नाव, युका, आहे. ‘कोनुको’ या शेतात माती ओढून गुडघाभर उंचीचे गोल ढीग करायचे आणि त्यांत कसाव्याच्या कांड्या लावायच्या, ही त्यांची पद्धत. देवता किंवा पूर्वजांची शक्ती ज्या वस्तूत वसते तिला ते ‘सेमी’ म्हणत. त्यांपैकी तीन टोकांच्या दगडी सेमीमुळे कसावा चांगला येतो, अशी श्रद्धा पानेने नोंदवली आहे.

कडू कसाव्यात विषारी द्रव्य असते, त्यामुळे त्याची भाकरी करणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. कंद सोलून खरखरीत किसणीवर किसायचे, कीस वेताच्या लांब विणलेल्या नळीत ठासून भरायचा, नळी टांगून खालच्या टोकाला वजन देऊन ताणायची आणि विषारी रस निथळू द्यायचा. मग तो कोरडा भुगा मातीच्या मोठ्या सपाट तव्यावर पसरून दोन्ही बाजूंनी भाजायचा. पाणी घालून मळणे नाही की थापणे नाही. उष्णतेनेच भुगा एकमेकांना धरतो. ‘कसाबे’ नावाची ही भाकरी नीट वाळवली तर महिनोन्‌महिने टिकते. २०२४ मध्ये युनेस्कोने कसाबे करण्याच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

भाकरी टिकते हे ध्यानात ठेवले की सोळाव्या शतकातील एका वर्णनाचा अर्थ उलगडतो. कासिक, म्हणजे गावाचा प्रमुख, देवळाच्या दाराशी बसून ढोल वाजवतो. लोक घशात काठी घालून ओकारी काढतात आणि पोटातून शुद्ध होऊन देवासमोर येतात. स्त्रिया फुलांनी सजवलेल्या टोपल्यांतून भाकऱ्या आणतात. पुजारी त्यांचे तुकडे करून कुटुंबप्रमुखांना वाटतात, आणि प्रत्येक घर आपला तुकडा पुढच्या वर्षीच्या उत्सवापर्यंत रक्षण म्हणून जपून ठेवते. हे लिहिणारा लोपेस दे गोमारा हा स्पॅनिश लेखक स्वतः कधी अमेरिका खंडात गेला नव्हता, त्यामुळे तपशील थोडे सावधपणेच घ्यावेत. तरीही ‘वार्षिक विधी’ म्हणावा असा याहून स्पष्ट उल्लेख माझ्या वाचनात नाही.

उरलेले वर्ष पावसाचे आणि वादळाचे. एका गुहेत हात बांधलेल्या दोन लहान दगडी मूर्ती होत्या आणि त्यांना घाम सुटल्यासारखे दिसे. पाऊस ओढ देई तेव्हा लोक त्यांच्या दर्शनाला जात, असे पाने सांगतो. ग्वाबान्सेश ही क्रुद्ध झाली की घरे आणि झाडे पाडणारी स्त्रीदेवता. तिचा एक सोबती दवंडी पिटतो, दुसरा डोंगरांमधल्या दऱ्यांत पाणी तुंबवून ठेवतो आणि मग एकदम सोडून देतो. त्या बेटांवर पुराचा लोंढा नेमका तसाच येतो. आजचे समूह जून ते नोव्हेंबर या वादळी काळात तिची आठवण ठेवतात, आणि ही गोष्ट मला अयनदिनांपेक्षा मुळाच्या अधिक जवळची वाटते.

सामुदायिक जीवनाचे केंद्र होते ‘बातेय’, म्हणजे गावातील दगडांनी आखलेले मोकळे मैदान. तेथेच रबरी चेंडूचा खेळ होई आणि तेथेच ‘अरेइतो’ चाले. एक जण ओळ म्हणत पावले टाकतो, बाकीचे एकमेकांना धरून तीच ओळ आणि तीच पावले परत करतात; पूर्वजांचा इतिहास अशा रीतीने तासन्‌तास गायला जाई. लिपी नसलेल्या समाजाची बखरच म्हणा. हिस्पानिओलावरच्या हाराग्वा प्रदेशाची राणी आनाकाओना हिच्या अरेइतोत तीनशेहून अधिक मुली नाचल्याचे स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो लिहितो. पुढे स्पॅनिशांनी तिला फाशी दिली.

‘ताइनो तर नामशेष झाले’ हे वाक्य आपल्याला वारंवार वाचायला मिळेल. पण पोर्तो रिकोतील मातृवंशीय (आईकडून येणाऱ्या) जनुकांच्या अभ्यासात सुमारे ६१ टक्के लोकांत मूळ अमेरिकी वंशरेषा आढळली आहे. अर्थात जनुक म्हणजे संस्कृती नव्हे, आणि हे आजच्या ताइनो समूहांतले जाणते लोकही मान्य करतात. त्यांचा दावा कोनुको, कसाबे, औषधी वनस्पती आणि आजीकडून ऐकलेले शब्द यांवर अधिक उभा आहे.

आपण तिकडे जाणार असाल तर नोव्हेंबरमध्ये पोर्तो रिकोतील हायुया गावी भरणारा उत्सव पाहावा. तो सर्वांसाठी खुला असतो. उतुआदोजवळच्या काग्वाना येथील प्राचीन बातेयांची गोष्ट निराळी आहे. ते सरकारी देखरेखीखालील स्थळ आहे, आणि जुलै २००५ मध्ये ताइनो कार्यकर्त्यांनी पवित्र स्थळांच्या रक्षणाची मागणी करत तेथे ठाण मांडले होते. तेथे एखादा समूह शंख फुंकून वर्तुळ करत असेल तर दगडांच्या रांगेबाहेर थांबावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.