शंका सौंदर्याच्या: पावडर किती, कुठे आणि केव्हा

आखाजी (अक्षय तृतीया) झाली, लग्नाच्या तिथी सुरू आहेत आणि पत्रांमध्ये या वेळी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: मेकअप टिकत नाही, आणि टिकावा म्हणून पावडर लावली तर ती दिसते. म्हणून हा अंक पावडरीचा.

चुलतदिराच्या लग्नात फाउंडेशन, कन्सीलर सगळं नीट केलं. घामाने जाऊ नये म्हणून वर कॉम्पॅक्ट भरपूर फिरवला. वरात निघेपर्यंत गालांवर पांढुरके पट्टे आणि डोळ्यांखाली रेघा. मावससासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘काय वं, तोंडले पीठ लाईसन उनी का?’ पावडर चांगल्या कंपनीची होती. चुकलं कुठे? (एक वाचक, अमळनेर)

ताई, मावससासूबाईंचं निदान बरोबर आहे. पावडर वाईट नव्हती, जास्त होती, आणि बहुधा ओल्या फाउंडेशनवर घासली गेली.

फाउंडेशनमधलं पाणी उडून गेलं तरी तेलाचा किंवा सिलिकोनचा थर थोडा चिकट राहतो. बोट लागलं, पदर लागला की तो सरकतो. पावडरीतले टाल्क, सिलिका या खनिजांचे बारीक कण हा चिकटपणा शोषतात आणि थर जागच्या जागी बसतो. पावडरीचं काम एवढंच. चिकटपणा संपल्यावर लावलेल्या पावडरीला धरायला काही उरत नाही. ती नुसती वर बसून राहते आणि घाम आला की तिच्या गुठळ्या होतात.

त्यात आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते. घाम येतो तसा वाळतो आणि त्वचा ओढल्यासारखी होते. दमट हवेच्या शहरात केलेले व्हिडिओ पाहून तेवढीच पावडर थापली तर इथे चेहरा तडकल्यासारखा दिसणारच. श्रावणात हेच उलटं होतं. कानबाईच्या सणाच्या वेळी घाम वाळतच नाही, तेव्हा नाक-कपाळावर हात थोडा सैल सोडला तरी चालतो.

आता पुढच्या लग्नासाठी. मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा. दिवसाचा मुहूर्त असेल तर त्यावर सनस्क्रीन, तेही मुरू द्या. फाउंडेशन पातळ पसरवा. क्रीमचा ब्लश वापरत असाल तर तो इथेच लावून घ्या, कारण पावडरीवर क्रीम लावलं की डाग पडतात. पावडरचा ब्लश मात्र शेवटी. मग दोन मिनिटं हात लावू नका. नंतर साध्या टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करून चेहऱ्यावर ठेवा आणि तळव्याने हलकेच दाबा, पुसू नका. जास्तीचं तेल कागदावर येतं. ही पायरी जवळजवळ सगळ्या जणी गाळतात आणि मग तेच तेल शोषायला दुप्पट पावडर लावत बसतात.

सेट करायला, म्हणजे मेकअप जागी बसवायला, लूज (सुटी, वडी न केलेली) पावडर घ्या. कॉम्पॅक्ट पर्समध्ये ठेवा, तो नंतरच्या डागडुजीसाठी. डबीच्या झाकणात चिमूटभर पावडर काढा. अख्ख्या चेहऱ्याला पाव चमच्याहूनही कमी पुरते. मखमली पफ त्यात टेकवा, दुमडून त्याच्याच दोन्ही बाजू एकमेकींवर चोळा म्हणजे पावडर पफच्या लवेत शिरेल, मग हाताच्या पाठीवर एकदा झटका. पफ अजून पांढरा दिसतोय? मग अजून झटका. सुरुवात नाकाच्या दोन्ही बाजूंपासून करा, मग नाक, कपाळाचा मधला भाग, हनुवटी, वरच्या ओठाच्या वरची जागा. पफ दाबायचा, किंचित वळवायचा, उचलायचा. घासलं की खालचं फाउंडेशन सरकतं आणि तुम्ही म्हणता तसे पट्टे उमटतात. गालांच्या बाहेरच्या भागाला आणि कानांजवळ नवी पावडर घ्यायची नाही, पफवर उरली असेल तेवढीच.

डोळ्यांखालचा हिशेब वेगळा. तिथली त्वचा पातळ, हसलं-बोललं की काळेपणा झाकणारा कन्सीलर रेघांत गोळा होतो. म्हणून वर बघा, अनामिकेने रेघ टिपून सपाट करा आणि त्याच क्षणी लहान मऊ ब्रशने नावापुरती पावडर लावा. मध्ये पदराची पिन शोधायला गेलात तर रेघ पुन्हा पडते आणि मग पावडरीने ती पक्की होते.

शेवटी मोठ्या मऊ ब्रशने जास्तीची पावडर वरून खाली झाडा. गालांवरची लव खालच्या दिशेने असते. ब्रश उलटा फिरवला की ती उभी राहते आणि केसागणिक पावडर दिसायला लागते.

आणि एवढं करूनही पांढुरकं दिसलंच तर वर आणखी पावडर अजिबात नको. स्पंज ओला करून घट्ट पिळा आणि त्या जागेवर दाबा. सेटिंग स्प्रे असेल तर तोंडापासून वीतभराहून जास्त अंतरावर धरून दोन-तीन फवारे मारा आणि वाळू द्या.

मी लग्नाचे फोटो काढतो. पार्लरमधून आलेल्या नवरीचा चेहरा डोळ्यांना ठीक वाटतो, पण फ्लॅश मारला की डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे डाग येतात. घरचे माझ्या कॅमेऱ्याला दोष देतात. (एक फोटोग्राफर, चाळीसगाव)

दादा, दोष पावडरीचा आहे. ‘एचडी’ नावाने मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र लूज पावडरीत बहुतेक सिलिका असते. ती पातळ लावली तर दिसत नाही, पण जाड थर राहिला तर कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा सरळ झोत तशाच सरळ परत पाठवते. सनस्क्रीन किंवा फाउंडेशनमधले टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडही तेच करतात. तेव्हा मात्र डाग पडत नाहीत, सगळा चेहराच मानेपेक्षा उजळ येतो. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो.

नवरी खोलीतून बाहेर येण्याआधी दिवे मंद करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो घ्यायला पार्लरवाल्या ताईंना सांगा. डाग दिसले तर तेव्हाच ब्रशने झाडता येतात, स्टेजवर गेल्यावर नाही. तुमच्या हातात आहे ते एवढं: फ्लॅश सरळ तोंडावर न मारता छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा. मंडप उघडा असेल तर सॉफ्टबॉक्स, म्हणजे झोत मऊ करणारी कापडी पेटी.

माझा रंग सावळा आहे. आग्रा रोडवरच्या दुकानात म्हणाले, ट्रान्सलुसंट (बिनरंगाची) पावडर सगळ्यांना चालते. घेतली, तर चेहरा राखट दिसतो. (एक वाचक, धुळे)

सगळ्यांना चालते हे विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. डबीत पांढरी दिसणारी पावडर गोऱ्या चेहऱ्यावर दिसत नाही, सावळ्यावर दिसते. तुम्हाला रंगाची छटा असलेली लूज पावडर हवी, तीही पिवळसर किंवा सोनेरी झाक असलेली. गुलाबी झाक घेतलीत तर करडेपणा वाढेल. फाउंडेशनच्याच शेडची मिळाली तर उत्तम. दोन शेडमध्ये अडलात तर सेट करण्यासाठी किंचित गडद घ्या, फिकट नको.

शेड मनगटावर तपासू नका, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि आरशात मान व गाल एकत्र बघा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच शेड जुळतात. घाई नसेल तर बाजारात चक्कर मारून अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण त्वचेचं तेल मिसळलं की काही पावडरी एक शेड गडद होतात.

घेतलेली डबी टाकू नका. रात्रीच्या कार्यक्रमात फक्त नाकाच्या बाजूंना, अगदी थोडी वापरता येईल.

पार्लर चालवते. महागाचा कॉम्पॅक्ट दोन महिन्यांत वरून काचेसारखा कडक, चकचकीत झाला. पफ फिरवला तरी काही येत नाही. माल डुप्लिकेट असेल का? (एक वाचक, शहादा)

असेलही, पण आधी पफ बघा. पफ चेहऱ्यावरून कॉम्पॅक्टवर आणि कॉम्पॅक्टवरून परत चेहऱ्यावर जातो. प्रत्येक वेळी थोडं तेल आणि थोडा घाम वडीवर बसतो, दाबाने त्याचा तुळतुळीत थर होतो. वडीवर सेलोटेप हलकेच चिकटवून उचला, दोन-चार वेळा. थर निघून खालची मोकळी पावडर लागेल. टेप पुरली नाही तर चाकूच्या बोथट बाजूने वरवर खरवडा आणि भुगा टाकून द्या.

पार्लरमध्ये एकच पफ सगळ्यांना फिरत असेल तर प्रश्न कॉम्पॅक्टपुरता राहत नाही. एकीच्या त्वचेवरचे जंतू दुसरीला, असा तो प्रवास असतो. दर गिऱ्हाइकाला धुतलेला पफ, आणि वडीला पफ थेट लावण्याऐवजी स्वच्छ चमच्याने पावडर खरवडून प्लेटवर काढायची. पफ कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून दाबून दाबून धुवा, पिळताना मुरगळू नका, सावलीत पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओला पफ पावडरीत बुडवला की त्यावर पापुद्रा धरतो, आणि मग तोच चेहऱ्यावर उतरतो.

राहिला डुप्लिकेट मालाचा संशय. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत छापलेली असायला हवी. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार ते बंधनकारक आहे. आयात मालावर परवान्याऐवजी आयात नोंदणीचा क्रमांक असतो. यातलं काही खाडाखोड केलेलं किंवा वर स्टिकर लावून झाकलेलं असेल तर स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

बेकिंग केल्याने मेकअप दिवसभर टिकतो म्हणतात. हळदीला करू का? (चोपडा)

नको. बेकिंग म्हणजे डोळ्यांखाली, नाकाशेजारी पावडरीचा जाड थर पाच-दहा मिनिटं ठेवून मग झाडून टाकणं. नाटकाच्या, स्टेजच्या प्रखर दिव्यांसाठी ते ठीक. उन्हाळ्यात दिवसाउजेडी, तेही हळद तोंडाला लागणार असताना, हा खटाटोप वाया जाईल. हळदीला मेकअप जितका कमी तितका बरा.

बनाना पावडरमध्ये खरंच केळी असतात का? आमच्याकडे केळीच्या बागा आहेत म्हणून उत्सुकता. (रावेर)

नसतात. फक्त फिकट पिवळा रंग. डोळ्यांखालचा निळसर-जांभळट काळेपणा पिवळ्या झाकेने थोडा दबतो, म्हणून वापरतात. तपकिरी काळेपणावर तिचा फारसा उपयोग नाही. तिथे खाली नारिंगी झाकेचा कन्सीलरच लागतो.

घरातली अंगाची टाल्कम पावडर सेट करायला चालणार नाही का? आणि टाल्कने कॅन्सर होतो असं ऐकलं, ते खरं का? (एक वाचक, पारोळा)

अंगाची पावडर घाम शोषायला केलेली असते. तिचे कण जाड, रंग पांढरा, वर सुगंध. फाउंडेशनवर ती डागासारखी बसते आणि संवेदनशील त्वचेला सुगंधाने खाजही सुटते. मक्याचं पीठ लावायचा सल्लाही फिरत असतो. ते तेल शोषतं खरं, पण घामाने त्याची लापशी होते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. खाणीत टाल्क आणि अ‍ॅस्बेस्टॉस ही दोन खनिजं शेजारी सापडतात, आणि अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला टाल्क त्याआधीपासूनच निश्चित कर्करोगकारक मानला जातो. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, आठवड्यातून एकदा चेहऱ्याला लावल्याने धोका किती हे सांगत नाही. टाळायचं असेल तर घटकांच्या यादीत टाल्क नसलेल्या, अभ्रक, सिलिका किंवा तांदळाच्या स्टार्चच्या पावडरी मिळतात. त्या थोड्या लवकर झडतात, एवढाच फरक. कोणतीही लूज पावडर लावताना पंखा बंद ठेवा, श्वास रोखून धरा, आणि मांडीवर बाळ असेल तर आधी त्याला कुणाकडे तरी द्या.

रिसेप्शनला चार तास उभं राहायचं असतं. मध्ये पावडर परत लावताना काय काळजी घ्यावी? (भुसावळ)

आधी टिपा, मग लावा. घामावर पावडर लावली की चिखल होतो. टिश्यू दाबून घाम उचला, अर्धा मिनिट थांबा, मग कॉम्पॅक्ट फक्त नाक, हनुवटी आणि कपाळाच्या मध्यावर. गालांना हात लावायचा नाही. दोनदा पुरे, तिसऱ्यांदा लावावीशी वाटली तर नुसता टिश्यू.

कॉम्पॅक्टवर एसपीएफ ३० लिहिलंय. मग सनस्क्रीन वाचेल ना? (शिरपूर)

वाचणार नाही. डबीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा मिळायला प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावावी लागते. एवढी पावडर कुणीच लावत नाही, आणि लावली तर मावससासूबाई बोलणारच. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून सनस्क्रीन लावा, वर पावडर. उन्हात निघताना छत्रीही घ्या.