मिडल्सब्रोहून मुलांना घेऊन केसिकला जायचंय. उत्तर इंग्लंडमधला ए६६ महामार्ग खरंच धोकादायक आहे का, की न्यूकॅसलवरून ए६९ने वळसा घालू?

आहे. स्कॉच कॉर्नर ते पेनरिथ साधारण ५० मैल, त्यातले १८ अजून दुपदरी आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. चौपदरी, दुपदरी, परत चौपदरी. ताशी ७० मैलांना सोकावलेला पाय ६०वर यायला कुरकुरतो आणि पुढे हमखास ट्रक असतो.

आमचे दाजी पुण्याहून आले होते. "मुंबई-गोवा रात्रीचा मारलेला माणूस आहे मी," म्हणत स्टिअरिंगवर बसले. (त्याचाही नंबर ६६च!) स्टेनमोरचा घाट झकास पार झाला. ब्रफच्या पुढे रस्ता दुपदरी झाला, ट्रकमागे अडकलो आणि दाजींची चुळबुळ सुरू. वॉरकॉपच्या अलीकडे घातली की गाडी बाहेर! समोरून दुसरा ट्रक. मी ओरडलो, "दाजी, आत घ्या!" आपल्याकडे समोरचा निदान रस्त्याच्या खाली उतरून वाट देतो; इथे त्याला उतरायला जागाच नव्हती. कसेबसे आत घुसलो. ताई केसिकपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दाजींचं आजही एकच पालुपद: ट्रकवाला मुद्दाम हळू चालवत होता. अहो, दुपदरीवर ट्रकला मर्यादाच ५०ची आहे! २०१५ पर्यंत तर ४० होती. पाच मैल ५०ने गेलात तर सहा मिनिटं, ६०ने पाच. एवढ्या एका मिनिटासाठी सगळं घर पणाला लावायचं? मुंबई-गोव्याचा अनुभव इथे सांगू नये, त्यानेच घात होतो.

रस्त्यातही खोट आहेच. शेतांकडचे फाटे थेट भरधाव वाहतुकीत उघडतात, उजवीकडे वळणारा मध्येच थांबलेला असतो. उरलेल्या चौपदरीकरणाला मार्च २०२४मध्ये मंजुरी मिळाली, जुलै २०२५मध्ये सरकारने पैसेही कबूल केले. पण चौपदरी होईपर्यंत ट्रकमागेच राहा, मुलांना गाणी लावून द्या.

ए६९चं म्हणाल तर हेक्समच्या पुढे तोही बराचसा दुपदरीच, वळशात काही अर्थ नाही. आणि हो, हे सगळं उन्हाळ्यापुरतं. हिवाळ्यात स्टेनमोरला बर्फ किंवा वारा असला की रस्ता बंदच करतात, निघण्याआधी बघा. जूनमध्ये ॲपलबीला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा घोडागाड्याही याच रस्त्यावर असतात. त्यांच्यामागे दाजींना बसवायची माझी फार इच्छा आहे.