रेसचं जुनं सामान घेण्याआधी

भावा, रेसच्या गाड्यांचं जुनं सामान घेऊन रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बांधायचं म्हणतोस, हौस दांडगी आहे, इंजिन नक्की उभं राहील. पण आधी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, ठरव. स्वस्तात मिळाले म्हणून पिस्टन उचलायचे आणि मग बोअरच (सिलिंडरचा व्यास) जुळत नाही, ही नवख्यांची नेहमीची चूक.

क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा), कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) कितीही चकचकीत दिसूदे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रॅक टेस्ट (बारीक भेगांची तपासणी) करून, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजूनच घे. रॉडचे बोल्ट, बेअरिंग, गॅस्केट नवीनच घाल. इथं पैसे वाचवू नकोस. बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

रेसचे पिस्टन बहुतेक जास्त कॉम्प्रेशनचे (हवा-पेट्रोल जास्त दाबणारे) असतात, पंपावरच्या पेट्रोलवर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं. मोठा कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नको, रंकाळ्याच्या गर्दीत गाडी गुदमरेल.

टर्बोचं (इंजिनात जादा हवा भरणारं यंत्र) नंतर बघू. आधी ब्लॉक मोजून आण आणि आकडे सांग.