सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर हा रस्ता कसा जातो आणि तो किती जुना आहे?

महाबळेश्वरला जाता यावे म्हणून इंग्रजांनी हा रस्ता केला, असे ऐकल्याचे आपण प्रश्नात लिहिले आहे. ते अर्धेच खरे आहे. ही वाट महाबळेश्वरच्या बंगल्यांहून पुष्कळ जुनी आहे.

पुणे–सातारा महामार्गावरील सुरूर येथून निघून हा राज्यमार्ग वाईला येतो, पसरणीचा घाट चढून (पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव) पाचगणी गाठतो, वेण्णा तलावाच्या काठाने महाबळेश्वरात शिरतो आणि तेथून आंबेनळी घाटाने कुंभरोशी, वाडा व प्रतापगडाचा फाटा मागे टाकत पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्गास मिळतो. सुमारे 80 किलोमीटरच्या या प्रवासात आपण कृष्णेच्या काठावरून कोयनेच्या खोऱ्यात आणि पुढे सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो. पहिल्या दोन नद्यांचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते, तिसरीचे अरबी समुद्राला.

देश आणि कोकण यांना जोडणारी जुनी वाट जावळीतून जात असे. 1659 मध्ये अफझलखान वाईहून प्रतापगडाच्या पायथ्याशी आला तो रडतोंडीच्या घाटाने. चढणाऱ्याला रडकुंडीस आणणारा म्हणून रडतोंडी. इंग्रजांच्या लिखाणात त्याचेच 'रोटुंडा' झाले. 1828 नंतर गव्हर्नर माल्कम यांच्या काळात महाबळेश्वरची वसाहत उभी राहिली, तेव्हा मुंबईची मंडळी गलबताने बाणकोटला, सावित्रीतून महाडकडे आणि पुढे प्रतापगडाजवळच्या पार गावावरून डोंगर चढून वर येत. गाड्यांना चालेल असा आंबेनळीचा घाट 1870च्या दशकात झाला आणि गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे इंग्रजांनी वाट शोधली नाही, तर तिचा चढ सौम्य करून ती चाकांना योग्य केली.

पावसाळ्यात मात्र हा घाट गृहीत धरू नये. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै 2021 च्या अतिवृष्टीत घाटातील रस्ता ठिकठिकाणी खचून वाहतूक बंद पडली होती. 28 जुलै 2018 रोजी येथेच दापोली कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ आल्यावरच दिसतात, तेव्हा मला ती बस आठवतेच.

आपण या मार्गाने जाणार असाल, तर कुंभरोशीजवळून थोडी वाट वाकडी करून पार गावी अवश्य जावे. तेथे कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, त्याचे खांब धारेच्या बाजूला निमुळते घडवलेले आहेत आणि त्यावरून आजही लोक ये-जा करतात.